शिवारातील साधने आणि त्यांचा भरवसा : कळंब-बारामती परिसराच्या संदर्भात एक आढावा

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, नीरा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या इंदापूर तालुक्यात कळंब हे गाव आहे. त्याला लागूनच वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात उभारलेल्या साखर कारखान्याभोवती वाढलेले वालचंदनगर आहे, आणि तेथून बारामतीपर्यंत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला उसाचा पट्टा आहे. या टापूत उघड्यावर काम करणाऱ्यांची जात एक नाही. रात्रीच्या विजेवर उसाला दारे धरणारा शेतकरी, हंगामात कोपी टाकून राहणारे ऊसतोड मजूर, कळप घेऊन फिरणारा धनगर, उजनी धरणाच्या फुगवट्यात जाळे टाकणारा मच्छीमार, खांबावर चढणारा वायरमन आणि आषाढात बारामती-इंदापूर मार्गाने जाणारा वारकरी या सर्वांना विजेरी, रेडिओ, फोन, पादत्राणे, पावसापासूनचा आडोसा अशी साधने लागतात, आणि ती अडचणीच्या वेळी चालली नाहीत तर नुकसान केवळ पैशांचे राहत नाही.

भरवशाचे साधन कोणते, या प्रश्नाला आजवर प्रामुख्याने तीन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. पहिले उत्तर घडणीचे आहे : जाड पत्रा, जड वजन आणि नामांकित कारखान्याचा शिक्का असला की वस्तू टिकते, असे ते मानते. दुसरे उत्तर चाचणीचे असून, ठरावीक मानकाप्रमाणे पाणी, धूळ आणि आघात यांची परीक्षा उत्तीर्ण झालेली वस्तूच ते विश्वासार्ह ठरवते. तिसरे उत्तर अनुभवाचे, म्हणजे शेजाऱ्याकडे जे वर्षानुवर्षे चालले ते घ्यावे, असे आहे. या तिन्हींत तथ्य असले तरी तिन्ही उत्तरे भरवसा हा वस्तूच्या अंगचा गुण मानतात, आणि तेथेच त्यांची मर्यादा आहे. प्रस्तुत आढाव्याचा निष्कर्ष असा की साधनाचा भरवसा हा वस्तू, ती वापरली जाणारी परिस्थिती आणि तिच्या दुरुस्तीची सोय या तिघांतून ठरतो, आणि तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या शिवारात या तिघांपैकी दुरुस्तीचा वाटा सर्वांत मोठा पण सर्वांत दुर्लक्षित असतो.

परिस्थिती : उष्णता, धूळ आणि क्षार

बारामती आणि इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वार्षिक पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही अनियमित असतो, उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, आणि काळ्या जमिनीची धूळ वर्षातील मोठा काळ हवेत असते. पिकांवरील अशा ताणांचा, म्हणजे दुष्काळ, उष्णता आणि क्षारता यांचा अभ्यास करण्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था बारामती तालुक्यातील माळेगाव खुर्द येथेच स्थापन केली, यावरून या प्रदेशाचा स्वभाव ध्यानात यावा. जे ताण पिकाला बाधतात त्यांतील बहुतेक यंत्रालाही बाधतात. उन्हात रबरी वायसर कडक होऊन तडकतो, धूळ बटणांच्या फटीत आणि चार्जिंगच्या तोंडात बसते, आणि कालव्याखालील क्षारपड रानातील पाणी सुकल्यावर उरणारे क्षार तांब्याच्या जोडांवर हिरवट थर आणून विजेचा संपर्क तोडतात.

बाजारात खडतर वापरासाठी म्हणून विकली जाणारी बरीचशी साधने थंड आणि ओल्या प्रदेशांतील गिर्यारोहण, शिकार किंवा सैनिकी मोहिमा डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात. त्यांच्या जाहिरातीत उणे २० अंशांचा आणि मुसळधार पावसाचा उल्लेख ठळक असतो, परंतु मे महिन्यात ट्रॅक्टरच्या टपाखाली किंवा बंद जीपच्या काचेमागे दिवसभर पडून राहिल्यावर त्या वस्तूचे काय होते, हे क्वचितच सांगितलेले असते. म्हणून निवडीची पहिली पायरी ही धोक्यांचा क्रम आपल्या जागेप्रमाणे लावण्याची आहे. कळंबच्या शिवारात हा क्रम सामान्यतः उष्णता, धूळ, गंज, विजेच्या दाबातील चढउतार, उंचावरून पडणे आणि सर्वांत शेवटी पाण्यात बुडणे असा लागतो, तर उजनीकाठी बुडण्याचा धोका वर येतो.

भरवशाचे गणित

अभियांत्रिकीत विश्वासार्हता आणि उपलब्धता या दोन संकल्पना वेगळ्या मानल्या जातात. साधन ठरावीक काळ न बिघडता चालण्याची शक्यता म्हणजे विश्वासार्हता, तर हवे त्या क्षणी ते चालू स्थितीत हाताशी असण्याची शक्यता म्हणजे उपलब्धता. उपलब्धता काढताना दोन बिघाडांमधील सरासरी काळाला, तो काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ यांच्या बेरजेने भागले जाते. समजा, एक महागडा संच सरासरी १,००० तासांनी एकदा बिघडतो, पण तो कंपनीच्या केंद्राकडे पाठवून परत येईपर्यंत २५० तास जातात. त्याची उपलब्धता १,००० भागिले १,२५०, म्हणजे ८० टक्के भरते. दुसरा साधा संच ४०० तासांनीच बिघडतो, पण त्याचा सुटा भाग घरात असल्याने ४ तासांत चालू होतो. त्याची उपलब्धता ९९ टक्के येते. अधिक वेळा बिघडणारी वस्तू अधिक भरवशाची ठरू शकते, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट या साध्या भागाकारातून स्पष्ट होते. अर्थात बिघाड प्राणघातक असेल तेथे हा हिशेब लागू पडत नाही. खांबावर चढणाऱ्याचा कंबरपट्टा चार तासांत दुरुस्त होतो की नाही, हा प्रश्नच तेथे गैरलागू आहे, कारण तो एकदाही तुटून चालत नाही.

दुसरे तत्त्व साखळीचे आहे. विजेरी चालण्यासाठी सेल, संपर्काची पट्टी, बटण आणि दिवा हे चारही घटक चालावे लागतात. प्रत्येक घटक ९५ टक्के खात्रीचा धरला तरी चौघांची एकत्रित खात्री सुमारे ८१ टक्क्यांवर येते. घटक जितके अधिक तितकी खात्री कमी, आणि म्हणूनच एकाच वस्तूत विजेरी, रेडिओ, भोंगा, होकायंत्र आणि फोन चार्जर कोंबलेली साधने आकर्षक असली तरी जोखमीची असतात. उलट, समान काम करणाऱ्या दोन स्वतंत्र वस्तू बाळगल्यास भरवसा वाढतो : ९० टक्के खात्रीच्या दोन विजेऱ्यांपैकी किमान एक चालण्याची शक्यता ९९ टक्के होते. मात्र या दोन्ही विजेऱ्या एकाच चार्जरवर अवलंबून असतील आणि गावची डीपी जळून दोन दिवस वीज नसेल, तर दोन्ही एकाच कारणाने बंद पडतात आणि हे गणित कोसळते. अशा समाईक कारणाने होणाऱ्या बिघाडाचा विचार घरगुती खरेदीत जवळजवळ होत नाही.

तिसरे तत्त्व बिघाडाच्या काळाचे आहे. बहुतेक साधनांत बिघाडाचे प्रमाण सुरुवातीला जास्त असते, कारण घडणीतील दोष लवकर उघडे पडतात. मग दीर्घकाळ ते कमी राहते आणि झिजेमुळे अखेरीस पुन्हा वाढते. यातून व्यवहारात एवढेच घ्यायचे की नवी वस्तू हंगामाच्या तोंडावर घेऊन थेट कामाला लावण्याऐवजी महिनाभर आधी घेऊन रोज वापरून पाहावी. अवजड उद्योगांत हीच शिस्त अधिक कठोरपणे पाळली जाते. वालचंदनगरच्या कारखान्याने साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडवता घडवता पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या प्रक्षेपकांसाठी घन इंधनाच्या मोटारींची आवरणे तयार केली. दाब सहन करणारी अशी पात्रे प्रत्यक्ष कामापेक्षा अधिक दाबाखाली तपासल्याशिवाय वापरात येत नाहीत. कामात येणाऱ्या ताणापेक्षा जास्त ताण आधीच देऊन पाहणे, हा त्यामागचा विचार विजेरीपासून दोरापर्यंत कोणत्याही साधनाला लागू पडतो.

मानके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

साधनाच्या खोक्यावर आढळणारा आयपी हा संकेत धूळ आणि पाणी यांच्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. त्यातील पहिला अंक ० ते ६ असून ५ म्हणजे अपायकारक प्रमाणात धूळ आत न जाणे, आणि ६ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव. दुसरा अंक पाण्याचा : ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणारे शिंतोडे, ५ आणि ६ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे, आणि ८ म्हणजे त्याहून कठीण अशी, उत्पादकाने स्वतः जाहीर केलेली खोली व वेळ. येथे एक गैरसमज सार्वत्रिक आहे. बुडवण्याची चाचणी उत्तीर्ण झालेली वस्तू धारेची चाचणीही उत्तीर्ण होतेच असे नाही, कारण स्थिर पाण्याचा दाब आणि वेगाने आदळणाऱ्या धारेचा मारा या भिन्न गोष्टी आहेत. त्यामुळे फवारणी पंप धुताना ज्या वस्तूवर धार पडणार आहे तिच्यावर ६ आणि ७ हे दोन्ही अंक असावेत. शिवाय या चाचण्या नव्या वस्तूवर आणि गोड्या पाण्यात होतात. दोन उन्हाळे काढून कडक झालेल्या वायसरबद्दल, किंवा युरिया आणि कीटकनाशक मिसळलेल्या पाण्याबद्दल त्या काहीही हमी देत नाहीत.

आघातासाठी आयके हा वेगळा संकेत असून त्याचा सर्वोच्च नेहमीचा अंक १० हा २० ज्यूल ऊर्जेचा, म्हणजे ५ किलो वजन सुमारे ४० सेंटिमीटरवरून आदळल्याइतका आघात दर्शवतो. अमेरिकी सैन्याचे मिल-एसटीडी-८१० हे मानक, जे १९६२ मध्ये प्रथम आले आणि ज्याची ‘एच’ ही आवृत्ती २०१९ मध्ये निघाली, जाहिरातींत सर्वाधिक मिरवले जाते. प्रत्यक्षात ते एकच परीक्षा नसून उष्णता, कंप, धूळ, क्षारयुक्त धुके, पडणे अशा अनेक पद्धतींचा संग्रह आहे. उत्पादक त्यांतील कोणत्या पद्धती आणि किती तीव्रतेने घ्यायच्या हे ठरवू शकतो, आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारी मध्यवर्ती संस्था नाही. त्यातील प्रसिद्ध पडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा टाकली जाते, पण हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा आहे. म्हणजे एकाच नगाने सर्व आघात सोसले, असा अर्थ त्या शिक्क्यावरून निघत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणी योजनेखाली अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंना, लिथियम सेलसह, सक्तीची नोंदणी आहे. ही नोंदणी मुख्यतः सुरक्षिततेची आहे. वस्तू पेटणार नाही याची ती काळजी घेते, ती दहा वर्षे चालेल असे म्हणत नाही. मानक हे निवडीचे शेवटचे प्रमाणपत्र न मानता नापसंतीची चाळणी मानावे, हे अधिक योग्य : ज्या वस्तूवर काहीच आकडे नाहीत ती बाजूला ठेवण्यासाठी ते उपयोगी पडते, उरलेल्यांत उत्तम कोणती हे त्यावरून ठरत नाही.

प्रकाश आणि सेल

शेतीपंपांना रात्रपाळीने मिळणारी वीज ही या परिसरात विजेरीच्या खपामागील मोठी प्रेरणा आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश दिवसा वीज देण्याचा असला तरी रात्रीचे बारे सर्वत्र संपलेले नाही, आणि उसात बिबट्याचा वावर वाढल्यापासून प्रकाशाकडे सुरक्षिततेचे साधन म्हणूनही पाहिले जाते. विजेरीच्या जाहिरातीत लुमेन, म्हणजे बाहेर पडणारा एकूण प्रकाश, आणि झोताचे अंतर हे आकडे असतात. अमेरिकी एफएल १ या मानकाप्रमाणे झोताचे अंतर म्हणजे जेथे प्रकाश ०.२५ लक्स, अर्थात साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर; तेव्हा २०० मीटरचा झोत म्हणजे २०० मीटरवरचे जनावर स्पष्ट ओळखता येणे नव्हे. त्याच मानकात चालण्याचा काळ हा प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर घसरेपर्यंत मोजला जातो, त्यामुळे आठ तास चालणारी विजेरी तिसऱ्या तासालाच निम्म्यावर आलेली असू शकते. ज्या विजेरीत प्रकाशाची पातळी स्थिर राखणारे मंडळ आहे, किंवा निदान मंद प्रकाशाची वेगळी पायरी आहे, ती दारे धरण्यासाठी अधिक उपयुक्त ठरते.

सापाच्या दृष्टीने प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा आहे. वाळलेल्या पाचटात पडलेली घोणस निळसर पांढऱ्या प्रकाशात सहज लपते, तर ज्या दिव्याची रंगदर्शकता, म्हणजे वस्तूचे मूळ रंग दाखवण्याची क्षमता, अधिक आहे त्याच्या किंचित पिवळसर प्रकाशात तिच्या अंगावरील नक्षी वेगळी उठून दिसते. कपाळावर बांधायचा दिवा हात मोकळे ठेवतो, हा त्याचा मोठा गुण. पण कपाळाजवळून निघणारा प्रकाश नजरेच्याच दिशेने पडत असल्याने जमिनीवरील उंचसखलपणाच्या सावल्या दिसत नाहीत, म्हणून पायवाटेने चालताना कमरेच्या उंचीवर धरलेली विजेरी अधिक माहिती देते.

सेलची निवड ही विजेरीच्या निवडीइतकीच निर्णायक आहे. लिथियम-आयन सेल हलका आणि दमदार असतो, पण ४५ अंशांच्या वर तापमान असताना तो चार्ज करणे हानिकारक असते आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्ण जागी ठेवल्यास तो वेगाने वृद्ध होतो. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, १८६५० या नावाने ओळखला जाणारा सेल बदलता येत असल्याने दुरुस्तीच्या दृष्टीने सोयीचा आहे. मात्र या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे जात नाही, त्यामुळे ९,९०० असा आकडा छापलेला सेल बनावट समजावा. लिथियम-लोह-फॉस्फेट हा प्रकार वजनाने काहीसा जड पण उष्णतेला अधिक सोशिक आणि दीर्घायुषी असतो, म्हणून गोठ्यातील किंवा सौर दिव्यातील स्थिर वापरासाठी तो सरस ठरतो. पाठीवरच्या फवारणी पंपांत पुष्कळदा आढळणारी १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी हंगाम संपल्यावर रिकामी ठेवली की निकामी होते. तिला महिन्यातून एकदा चार्जिंग देणे ही दुरुस्तीपेक्षा स्वस्त सवय आहे. एकदाच वापरायचे पेन्सिल सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात, ही त्यांची खरी ताकद असून, साधन बंद ठेवताना ते काढून ठेवले नाहीत तर त्यांतून पाझरणारे द्रव्य संपर्काच्या पट्ट्या खाऊन टाकते, ही त्यांची उणीव आहे.

रेडिओ : ऐकण्याचा आणि बोलण्याचा

ऐकण्याचा रेडिओ हे संदेशवहनाचे सर्वांत चिवट साधन आहे, कारण एकाच प्रसारण केंद्रावर असंख्य संच अवलंबून राहू शकतात आणि श्रोत्यांची गर्दी वाढली म्हणून ते कोलमडत नाही. पुणे आकाशवाणीशी जोडलेली ७९२ किलोहर्ट्झची मध्यम लहर जमिनीला धरून दूरवर जाते, तर एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत प्रवास करते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ मेगाहर्ट्झवर आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ९०.८ मेगाहर्ट्झवर सामुदायिक केंद्रे म्हणून ओळखली जातात. अशा केंद्रांची प्रक्षेपणशक्ती नियमाने सामान्यतः १०० वॉटपर्यंत मर्यादित असल्याने त्यांचा पल्ला आसपासच्या गावांपुरता असतो. यावरून ओघानेच निघते की शिवारासाठी घ्यायचा संच मध्यम लहर आणि एफएम दोन्ही पकडणारा असावा. मध्यम लहरीच्या संचात आत फेराइटची कांडी असते आणि ती दिशासंवेदी असल्याने संच फिरवून ठेवला की आवाज सुधारतो. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांपासून तो दूर ठेवला की खरखर कमी होते. फिरत्या बटणाचा साधा संच सेल उतरत आले तरी शेवटपर्यंत काही ना काही ऐकवतो, हाही त्याचा व्यावहारिक गुण आहे.

बोलण्याच्या रेडिओची, म्हणजे वॉकी-टॉकीची, बाब वेगळी आहे. जाहिरातीतील १० किंवा २० किलोमीटरचा पल्ला उंच, मोकळ्या जागेसाठी असतो. सपाट जमिनीवर रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये काढण्यासाठी अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ ४.१२ ने गुणतात. दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचासाठी ते सुमारे ५ किलोमीटर येते, तर १० मीटरच्या खांबावरील अँटेनासाठी १३ किलोमीटर. त्यातही पुरुषभर उंचीहून वाढलेला, पानांत पाणी साठवलेला ऊस लहरी शोषून घेत असल्याने दोन उसांच्या फडांमधून बोलताना प्रत्यक्ष पल्ला याच्या लहानशा अंशावर येतो. म्हणून शक्तिशाली संच विकत घेण्यापेक्षा अँटेना उंच करणे हे अधिक फलदायी आणि बहुधा अधिक स्वस्त असते.

कायद्याची बाजू ही देखील भरवशाचाच भाग आहे, कारण जप्त होऊ शकणारा संच भरवशाचा म्हणता येत नाही. भारतात बिनतारी संच बाळगण्यावर १९३३ च्या अधिनियमापासून परवान्याचे बंधन आहे. अल्प शक्तीच्या उपकरणांसाठीच्या २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील वैयक्तिक संचांना परवान्यातून सूट दिली असली तरी संचाच्या प्रकाराला शासकीय मान्यता असावीच लागते. परवाना लागणारे संच ऑनलाइन बाजारात खुलेआम विकले जात असल्याचे दिसल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये विक्रीमंचांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्यांना या विषयात खोलवर जायचे आहे त्यांच्यासाठी हौशी रेडिओचा परवाना हा मार्ग आहे. तो परीक्षा देऊन मिळतो आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून खुला आहे, परंतु त्यावरून व्यावसायिक संदेश पाठवता येत नाहीत.

रोजच्या संदेशवहनाचा भार आज मोबाइल फोनवर आहे. चोरी, आग किंवा बिबट्या दिसल्याची वार्ता एका क्रमांकावरून गावभर पोहोचवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप, आणि घरातून पंप चालू-बंद करणारा मोबाइल स्टार्टर ही सर्व मोबाइलच्या मनोऱ्यावर विसंबतात. मनोऱ्याची वीज गेली की ती एकाच वेळी मुकी होतात. शिवाय जाळ्याची पिढी बदलली की सुस्थितीतील साधनही निरुपयोगी होते : अनेक मोबाइल स्टार्टर २जी जाळ्यावर चालतात, तर जिओने २जी सेवा कधी दिलीच नाही आणि एअरटेलने ३जी सेवा २०२० मध्ये बंद केली. तेव्हा असा स्टार्टर घेताना तो कोणत्या जाळ्यावर चालतो हे विचारणे आणि हाताने चालवायचे बटण कायम ठेवणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

अंगावरची आणि आडोशाची साधने

ज्यात वीज नाही अशा साधनांचा विचार थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यांचे बिघाड डोळ्यांना दिसतात. धनगरी घोंगडी लोकरीची असल्याने बरीच ओल शोषूनही ऊब देते आणि शेकोटीच्या ठिणगीने कृत्रिम धाग्याप्रमाणे वितळत नाही. वजन आणि वाळायला लागणारा वेळ हे तिचे तोटे आहेत, म्हणून वारकरी पायी चालताना प्लास्टिकचे हलके इरले पसंत करतो. ताडपत्रीची प्रत दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, यावर सांगितली जाते, पण आपल्या उन्हात ती जाडीपेक्षा अतिनील किरणरोधक द्रव्य मिसळले आहे की नाही यावर टिकते. गुडघ्याखालपर्यंत येणारा गमबूट हा सर्पदंशापासूनचा सर्वांत स्वस्त बचाव असूनही उकाड्यामुळे टाळला जातो. तेव्हा थोडे सैल माप आणि सुती मोजे यांचा विचार करून तो प्रत्यक्ष घातला जाईल असा निवडणे हे त्याच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे.

उजनीच्या पाण्यात मात्र निवडीची चूक परवडत नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. जीवरक्षक जाकिटांवर त्यांची तरंगशक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते : ५० न्यूटनचे जाकीट पोहता येणाऱ्याला केवळ साहाय्य करते, तर आडोशाच्या पाण्यासाठीचे १०० न्यूटनचे जाकीट न पोहणाऱ्याचे तोंड पाण्यावर ठेवण्याच्या हेतूने घडवलेले असते. दोन्ही दिसायला सारखीच असल्याने केवळ रंग आणि किंमत पाहून केलेली खरेदी येथे धोकादायक ठरते.

दुरुस्ती : निवडीचा केंद्रबिंदू

वरील सर्व प्रकारांत एक समान धागा आढळतो. वायसर, सेल, बटण, संपर्काची पट्टी, नोझल, अँटेना हे लहान आणि स्वस्त भाग आधी जातात, आणि मूळ यंत्र बहुधा शाबूत असते. म्हणून साधन उघडते का, साध्या पान्या-स्क्रू ड्रायव्हरने उघडते का, आणि त्याचा झिजणारा भाग बारामती किंवा इंदापूरच्या बाजारात मिळतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्या खोक्यावरील सर्व आकड्यांपेक्षा अधिक सांगतात. येथे एक खरा पेच आहे, तो झाकून चालणार नाही. पाणी आणि धूळ यांना पूर्ण रोखायचे तर वस्तू चिकटवून बंद करणे उत्पादकाला सोपे जाते, आणि अशी वस्तू दुरुस्त होत नाही. उलट सहज उघडणाऱ्या वस्तूत धूळही सहज शिरते. स्क्रूने आवळलेले आवरण आणि बदलता येणारा वायसर ही या पेचातून काढलेली जुनी वाट आहे आणि चांगल्या व्यावसायिक संचांत ती आजही दिसते.

सार्वजनिक धोरण या दिशेने हळूहळू सरकत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, ज्यात शेती उपकरणे आणि मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स यांचाही समावेश आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला बदलता आली पाहिजे, असे बंधन घातले आहे. परंतु हक्क असणे आणि गावात कारागीर असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर स्थानिक संस्थाच भरून काढू शकतात. सहकारी साखर कारखाने, दूध संस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्या खत-बियाण्यांची एकत्रित खरेदी करतातच. त्याच धर्तीवर एकाच जातीच्या विजेऱ्या, फवारणी पंप आणि संच घेऊन त्यांचे सुटे भाग संस्थेत ठेवले, तर प्रत्येक सभासदाच्या साधनाची उपलब्धता वाढते, कारण दुरुस्तीचा काळ दिवसांवरून तासांवर येतो. एकसारखेपणात समाईक दोषाचा धोका असतो हे खरे, पण विजेवर चार्ज होणाऱ्या साधनांबरोबर पेन्सिल सेलवर चालणारे एखादे वेगळ्या जातीचे साधन घरोघरी राहिले तर तो धोका आटोक्यात राहतो.

निवडीचा क्रम यावरून असा लागतो : आधी आपल्या जागेचे धोके, मग बिघाड झाल्यास होणाऱ्या हानीची तीव्रता, त्यानंतर सुटा भाग आणि कारागीर यांचे अंतर, आणि शेवटी मानकांचे आकडे व किंमत. जेथे बिघाड जिवावर बेततो तेथे, म्हणजे जीवरक्षक जाकीट, कंबरपट्टा, विजेच्या कामाचे हातमोजे यांत, मानकाला अग्रक्रम द्यावा आणि काटकसर करू नये. इतर सर्वत्र, एका अभेद्य वस्तूवर सगळा पैसा लावण्यापेक्षा त्याच रकमेत दोन साध्या वस्तू, त्यांचे जादा सेल आणि वायसर, आणि हंगामाआधीची एक तपासणी एवढे विकत घेणे हे गणिताने आणि व्यवहारानेही अधिक भरवशाचे ठरते.